दंडावर न दिसणारा दाब

मानेच्या उजव्या बाजूला भूल देऊन डॉक्टरांनी शिरेत सुई घातली आणि तिच्यातून बारीक नळी आत सोडली. कॅथ लॅबच्या पडद्यावर ती हृदयाच्या उजव्या कप्प्यातून उतरून यकृताच्या शिरेत शिरताना दिसली. रुग्ण सिरॉसिसचा, पूर्ण जागा. तंत्रज्ञाने ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीला आणून आधी शून्यावर घेतला होता. तिथे चूक झाली की पुढचे सगळे आकडे फुकट.

मोकळ्या शिरेतला दाब ७ आला. मग नळीच्या टोकाचा फुगा फुगवून शीर बंद केली. थोडा डाय सोडून फुगा घट्ट बसल्याची खात्री करून घेतली. रेषा हळूहळू चढत २१ वर ठरली. वजाबाकी १४, म्हणजे यकृतात रक्त अडल्याने वाढलेला दाब. एवढ्यावर कुणी थांबलं नाही, तीनदा मोजलं.

निरोगी माणसात हा फरक १ ते ५ असतो. १० झाला की पोटात पाणी होण्याची भीती, १२ झाला की अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटण्याची. या रुग्णाचा आकडा कार्व्हेडिलॉल ही बीपीची गोळी सुरू करण्यापूर्वी १८ होता. २० टक्क्यांहून जास्त उतरला, म्हणजे गोळी लागू पडली.

दंडावरचं बीपी मात्र १०४/६६. ‘माझं बीपी कमीच, मग बीपीची गोळी कशाला?’ हा रुग्णांचा प्रश्न अगदी रास्त आहे. सिरॉसिसमध्ये कडक झालेलं यकृत रक्त अडवतं, आणि त्याच वेळी आतड्यांच्या धमन्या सैलावून त्याच्याकडे आणखी रक्त लोटतात. पॅरिसच्या दिदिए लब्रेक यांनी १९८० च्या सुमारास दाखवलं की प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर औषध हा लोंढा कमी करतं: हृदयाचा जोर उतरतो, आतड्यांच्या धमन्या आवळतात. त्याच गटातलं कार्व्हेडिलॉल त्याशिवाय यकृतातला अडथळाही थोडा सैल करतं.

पण बीपीचं प्रत्येक औषध इथे चालत नाही. पोटात पाणी झालेल्या रुग्णाला रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन दिलं तर मूत्रपिंडाकडे जाणारा दाबच ढासळू शकतो. बीटा ब्लॉकरलाही मर्यादा आहे. वरचं बीपी ९० च्या खाली गेलं की डोस कमी करतात किंवा गोळी थांबवतात.

तेव्हा सिरॉसिस असेल तर बीपीची कोणतीही गोळी सुरू किंवा बंद करण्याआधी यकृताच्या डॉक्टरांना विचारा.