शोधनिबंधांची मोजदाद

अमुक शास्त्रज्ञाचे दोनशें निबंध प्रसिद्ध झाले व त्यांस पांच हजार दाखले मिळाले, असें वर्तमानपत्रांत वाचून आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी विचारतात कीं, हा दाखला म्हणजे काय? शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्या परिचयाचा आहे. हा त्याहून निराळा.

संशोधक नवा निबंध लिहितो, तेव्हां ज्या पूर्वींच्या निबंधांच्या आधारावर त्याचें विधान उभें असतें, त्यांचीं नांवें तो शेवटीं देतो. असा प्रत्येक उल्लेख म्हणजे त्या जुन्या निबंधास मिळालेला एक दाखला. अमेरिकेंत यूजीन गारफील्ड यांनीं १९६४ सालीं अशा दाखल्यांची मोठी सूची काढण्यास आरंभ केला. पुढें २००५ सालीं हर्श नांवाच्या पदार्थविज्ञानवेत्त्यानें एक अंक सुचविला. ज्याच्या दहा निबंधांस प्रत्येकीं निदान दहा दाखले मिळाले, पण अकरांस अकरा मिळाले नाहींत, त्याचा 'एच' अंक दहा. शंभर निबंध लिहिले आणि कोणीं त्यांची दखलच घेतली नाहीं, तर अंक शून्य!

आतां आपल्या कोंकणांतलेंच उदाहरण पाहूं. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ सालीं महाडजवळील बिरवाडीच्या सरकारी आरोग्यकेंद्रांत रुजू झाले. लाल विंचू चावून धडधाकट माणसें व लेंकरें डोळ्यांदेखत दगावत. बावस्करांजवळ प्रयोगशाळा नव्हती. रोग्याजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची नोंद करणें, एवढेंच त्यांच्या हातीं होतें. त्या नोंदींवरून लिहिलेला त्यांचा निबंध १९८२ सालीं लंडनच्या 'लॅन्सेट' या १८२३ पासून चालणाऱ्या विख्यात नियतकालिकांत छापला गेला. विंच्वाच्या विषानें शरीरांत उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदय थकतें आणि फुप्फुसांत पाणी भरतें. रक्तदाब उतरविण्याची 'प्राझोसिन' ही साधी गोळी त्या वाहिन्या सैल करते. हिच्या उपयोगाविषयींचा निबंध त्यांनीं पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह १९८६ सालीं त्याच नियतकालिकांत प्रसिद्ध केला. पूर्वीं गंभीर रोग्यांपैकीं शेंकडा तीसच्या आसपास दगावत. या उपचारानें तें प्रमाण अगदीं थोडक्यावर आलें.

पुढील गोष्ट आम्हांस विशेष वाटते. आपल्याच उपायाची कसोटी पाहणारा त्यांचा निबंध २०११ सालीं 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्यें आला. सत्तर रोग्यांपैकीं पस्तिसांस केवळ प्राझोसिन दिलें व पस्तिसांस त्याच्या जोडीला विंच्वाचें प्रतिविष दिलें. दहा तासांच्या आंत पहिल्या गटांतील आठ, तर दुसऱ्या गटांतील बत्तीस रोगी लक्षणमुक्त झाले. आपली गोळी एकटी पुरेशी जलद नाहीं, असें त्यांनीं स्वतःच जगास सांगितलें. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली.

अशा कामाचें माप दाखल्यांनीं पुरतें होतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. कर्करोगावर हजारों संशोधक लिहितात, म्हणून तेथें दाखल्यांचा पाऊस पडतो. विंचू चावतो तो बहुधा शेतांत राबणाऱ्या गरिबास. त्यावर लिहिणारे थोडे, म्हणून दाखलेही थोडे. शिवाय चुकीचा ठरलेला निबंध खोडून काढण्यासाठीं दिलेला उल्लेखही मोजला जातो, आणि कांहीं मंडळी परस्परांचे दाखले देऊन अंक फुगवितात. (गृहपाठाच्या वह्या तपासतांना असल्या परस्पर-साहाय्याचा आम्हांस बराच परिचय झालेला आहे.) विधवेच्या दोन टोल्या मंदिराच्या हिशेबांत केवढ्या दिसल्या असतील, हें वाचकांस सांगणें नको. तथापि अंक अगदींच टाकाऊ नव्हे. कोणाचें लिखाण इतरांच्या उपयोगीं पडलें, याची पहिली खूण तो देतो.

उमरोळीकडे भात कापून झालें कीं पेंढ्यांत, विटांच्या ढिगांत व जळाऊ लांकडांत विंचू सांपडतो. मुलास विंचू चावला आणि उलट्या, भरपूर घाम, लाळ गळणें, हातपाय थंड पडणें यांपैकीं कांहींही दिसलें, तर वेदना थोडी आहे म्हणून पालकांनीं स्वस्थ बसूं नये. भगताकडे वेळ न दवडतां त्यास तत्काळ पालघर किंवा बोईसरच्या रुग्णालयांत न्यावें, आणि विंचू चावल्याचें तेथें प्रथम सांगावें.