एक शाफ्ट, आठ कुसवं

गाडी लावायच्या शेडमध्ये सुतारकाम करायचं ठरवलं की लाकडाच्या आधी जागेचा प्रश्न येतो. रंधा मशीन वेगळं, गोल करवत वेगळी, भोकं पाडायचं यंत्र वेगळं असं मांडायचं तर तीन मोटरी लागतात. शिवाय प्रत्येक यंत्राच्या मागेपुढे फळी सरकवायला सहा-सहा फूट मोकळे हवेत. दहा बाय बाराच्या शेडमध्ये ते जमणं शक्य नाही. म्हणून आपल्याकडे लहान सुतारखान्यांत आणि हौशी माणसांच्या शेडमध्ये एकच बिडाचं धूड दिसतं. मधोमध रंध्याचं लांब टेबल, एका अंगाला गोल करवत आणि दुसऱ्या अंगाला ड्रिल.

माझ्याकडच्या मशीनला खाली तीन हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर आहे. चालू करताना घरातले दिवे क्षणभर मंद होतात आणि त्यावरून आतल्या खोलीतून काहीतरी ऐकू येतं, ते सोडून देऊ. मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. तिच्यावर आठ इंची पुली आहे आणि वर अडीच इंची, त्यामुळे पट्ट्यापलीकडे शाफ्टचा वेग साडेचार हजारांच्या पुढे जातो. रंध्याच्या ब्लॉकवर दोन पाती, म्हणजे मिनिटाला नऊ हजारांवर काप. फळी मिनिटाला साडेचार मीटर या चालीने सरकवली तर साधारण अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरवर एकेक काप पडतो. रंधलेली फळी उजेडात तिरकी धरली की या कापांच्या बारीक लाटा दिसतात. हात घाईत असेल तर त्या रुंद होतात, लपवता येत नाहीत.

जागेचा हाच प्रश्न अमेरिकेत वेगळ्या तऱ्हेने सोडवला गेला. हान्स गोल्डश्मिट यांचं ‘शॉपस्मिथ’ तिथे १९४७ साली बाजारात आलं. त्यात दोन नळ्यांवर सरकणारं एकच डोकं असतं; ते करवतही चालवतं, लेथही, आणि सगळा सांगाडा उभा केला की ड्रिलही. एका वेळी एकच काम. आपल्या मशीनमध्ये शाफ्ट एक आणि त्यावर सगळेच स्वार! मध्ये रंध्याची पाती, एका टोकाला करवतीची चकती, दुसऱ्या टोकाला ड्रिलचा चक. बटण दाबलं की सगळं एकदम फिरतं. ड्रिलपाशी भोक पाडत उभं राहिलं की हाताच्या अंतरावर रंध्याची पाती त्याच वेगाने फिरत असतात. म्हणून ड्रिलचं काम असलं की चकती उतरवायची आणि रंध्याच्या तोंडावर फळी आवळून टाकायची. दुकानदार हे यंत्र दाखवताना ‘तीन कामं एकात’ एवढंच सांगतो, बाकीचं सांगत नाही.

अशा मशीनने जागा वाचते, वेळ नाही. चकती चढवा, गाईड काटकोनात आणा, टेबल खालीवर करा, चक बसवा, यात अर्धा-अर्धा तास जातो. त्यामुळे खरं कसब हाताइतकंच क्रमात आहे. साधा चौरंग घेतला तरी चार पाय, चार पट्ट्या, आठ खाचा, त्यांत बसणारी आठ कुसवं आणि वर तीन फळ्यांचा पाट. एकेक भाग पूर्ण करत गेलं तर दिवसभर पाने फिरवण्यातच जातो. आधी सगळं रंधून घ्यायचं, मग सगळं चिरायचं, शेवटी सगळ्या खाचा.

लाकूड जुनं सागवान. पुण्यात वाडे पडत गेले तसं त्यांचं सागवान बाजारात येत गेलं. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटकडे फिरलं तर चुना आणि तेलरंगाचे थर अंगावर घेऊन पडलेल्या तुळया दिसतात. आत लाकूड अप्रतिम निघतं, पण तुटलेले खिळेही निघतात. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक इंचावरून फिरवावं लागतं. एक खिळा चुकला की पात्याला खाच पडते आणि पुढच्या प्रत्येक फळीवर त्या जागी उंच रेघ उमटते. त्यावर उपाय आहे: दोनपैकी एक पातं मिलिमीटरभर बाजूला सरकवायचं, म्हणजे एकाने सोडलेली रेघ दुसरं काढतं. सागात मुळातच सिलिका असते, त्यामुळे खिळा नसला तरी धार लवकर जाते.

पाती बसवायला आमच्या भागातले एक सुतारमामा येतात. मीटर वगैरे त्यांच्याकडे काही नाही. एक सरळ लाकडी पट्टी रंध्याच्या पलीकडच्या टेबलावर अशी ठेवतात, की तिचं टोक ब्लॉकवर येईल. मग पट्टा काढून ब्लॉक हाताने सावकाश फिरवतात. पातं पट्टीला अलगद उचलतं, तीन-चार मिलिमीटर पुढे नेतं आणि सोडतं. किती पुढे नेलं त्याची पेन्सिलीने खूण. मग तेच पात्याच्या दुसऱ्या टोकाला, मग दुसऱ्या पात्याला. चारही खुणा सारख्या आल्या की बोल्ट आवळायचे, आणि आवळताना पातं हलतं म्हणून पुन्हा तपासायचं. पलीकडचं टेबल पात्याहून खाली राहिलं तर फळीच्या शेवटी खड्डा पडतो. वर राहिलं तर फळीचं तोंडच त्यावर अडतं.

मी गाईडचं अंतर मोजपट्टीने लावत होतो तेव्हा मामा म्हणाले, “दादा, पट्टी ठेवा बाजूला. रंधलेला तुकडाच लावून बघा.”

तेव्हापासून भिंतीवर एक ठोकळा टांगलेला आहे. त्यात बारा मिलिमीटरच्या ड्रिलने पाडलेली एक खाच आहे. पुढच्या खाचाही त्याच ड्रिलने पडणार, म्हणून करवत चढलेली असतानाच कुसवं कापून या ठोकळ्यात बसवून पाहता येतात. ड्रिलसाठी थांबावं लागत नाही, चकतीची एक चढ-उतर वाचते. कुसू अंगठ्याच्या दाबाने आत जावं. हातोडी लागली तर जाड आहे, आपोआप गळून पडलं तर बारीक.

प्रत्येक मापाचा एक तुकडा जादाही रंधून ठेवायचा. शेवटी एखादा पाय तडकला तर एका पायासाठी सगळं उलट फिरावं लागतं, आणि गाईड हलला की तेच माप केसाइतकंही न ढळता परत मिळत नाही. जादा पाय उरला तर पुढे कशालातरी लागतोच.

खाचांचं काम आवाजाने मोठं आणि चालीने सावकाश आहे. ड्रिल फिरत असतं आणि दांड्यांनी टेबल पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवायचं. साडेचार हजार फेऱ्यांना ड्रिल एकदम खोल घातलं तर लाकूड काळं पडतं, धूर निघतो. टेबलाच्या दर फेरीला तीन-चार मिलिमीटर खोल, बस्स. खाचेची टोकं गोल निघतात. ती पटाशीने चौकोनी करा किंवा कुसवाच्या कडा कानशीने गोल करा. मला कानशीचं काम शांत वाटतं.

हातमोजे घालायचे नाहीत, पात्यात सापडले तर हातासकट ओढले जातात. मास्क मात्र हवाच. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली कर्करोगकारक ठरवलं आहे. सागाच्या भुशाने तर नाक लगेचच चुरचुरतं. पावसाळ्यात बिडाच्या टेबलावर दोन दिवसांत तांबूस गंज दिसतो. मेणबत्ती घासून फडक्याने पुसलं की तो थोपतो, आणि फळीही सुळकन सरकते.

साग तेलकट, म्हणून सांध्याला थिनरचा बोळा फिरवून मगच डिंक लावायचा. चौकट रात्रभर क्लँपमध्ये ठेवायची. वरचा पाट मात्र तिला चिकटवून चालत नाही. दीड फूट रुंदीचा पाट मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये एकाच मापाचा नसतो, तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे होतो. चिकटवला तर मध्येच फाटतो. म्हणून तो खालून स्क्रूने धरायचा, आणि पट्ट्यांतली स्क्रूची भोकं लांबट ठेवायची. ही भोकं खाचांबरोबरच पाडून घ्यायची असतात, कारण एकदा चौकट जुळली की ती ड्रिलच्या टेबलावर मावत नाही.