अखंड पाहण्याची साठ वर्षे

ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येतो तो त्याच्या पृष्ठभागावरून. त्यामुळे आतला गाभा केवळ गणितानेच जाणायचा, असे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धरून चालत. ही समजूत मोडली ती खंड न पडू देता पाहत राहण्याच्या चिकाटीने.

१९६० मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत रॉबर्ट लेटन यांना सूर्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या लयीत वर-खाली होताना आढळला. ही वरवरची खळबळ नसून आत कोंडलेल्या ध्वनिलहरी आहेत, हे रॉजर उलरिक यांनी १९७० मध्ये सुचवले आणि डॉयब्नर यांच्या १९७५ च्या वेधांनी ते पक्के झाले. ध्वनीचा वेग तापमानावर आणि घटकद्रव्यांवर ठरतो. म्हणून प्रत्येक लहर, ती जितकी खोल गेली तिथली खबर घेऊन येते.

अडचण सूर्यास्ताची होती. वेधांत रोज रात्रीचा खंड पडला की खोट्या वारंवारता मिसळतात. त्यावर उपाय म्हणून १९९५ मध्ये जगभरच्या सहा केंद्रांचे ‘गाँग’ जाळे उभे राहिले. त्यातले एक केंद्र उदयपूरचे. त्याच वर्षी डिसेंबरात ‘सोहो’ यानही निघाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शशिकुमार चित्रे आणि एच. एम. अंतिया यांचे सूर्याच्या या लहरींच्या अभ्यासातले काम जगन्मान्य आहे. सूर्याचा खदखदता बाह्य थर केंद्रापासून त्रिज्येच्या ०.७१३ पटीवर संपतो, हे माप १९९७ मध्ये सरबनी बसू आणि अंतिया यांनी काढले. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो कण अपेक्षेहून कमी का मिळतात, या जुन्या कोड्यातही सूर्याचे गणिती प्रतिरूप निर्दोष ठरले. पुढे कळले की न्यूट्रिनोच वाटेत रूप पालटतात.

इतर ताऱ्यांसाठी अखंड पाहण्याचे हे भाग्य अवकाशातून उजाडले. २००६ अखेर निघालेल्या ‘कोरो’ यानाची दुर्बीण जेमतेम २७ सेंटिमीटरची. पण ती एकाच दिशेला पाच-पाच महिने पाहू शके. ‘केप्लर’ यानाने २००९ पासून चार वर्षे एकाच आकाशखंडावर नजर रोखली. २०११ मध्ये त्या नोंदींतून, बाहेरून सारखे दिसणारे तांबडे राक्षसी तारे वेगळे ओळखता आले: काहींच्या गाभ्यात हेलियम जळत होते, काहींत गाभ्याभोवतीचा हायड्रोजन.

सर्वांत मोठी मिळकत ताऱ्यांच्या वयाची. गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होत जाते, तसा तिथला ध्वनीचा वेग घटतो आणि खोलवर जाणाऱ्या लहरींच्या वारंवारतांमधले बारीक अंतर आक्रसते. सूर्यावर ही पद्धत पारखता येते. उल्कापाषाणांनी दिलेल्या ४५७ कोटी वर्षांशी तिचे उत्तर जुळते. २०१५ मध्ये ‘केप्लर-४४४’ या ताऱ्याचे वय सुमारे १,१२० कोटी वर्षे निघाले. त्याचे पाचही ग्रह पृथ्वीहून लहान. म्हणजे असे ग्रह सूर्याच्या साडेसहाशे कोटी वर्षे आधीही घडत होते. ताऱ्याचे वय कळल्यामुळेच आकाशगंगेच्या इतिहासातले हे पान आपल्याला वाचता आले.

आता युरोपच्या ‘प्लेटो’ मोहिमेने सूर्यासारख्या ताऱ्यांचे वय दहा टक्क्यांच्या अचूकतेने काढण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठीही मुख्य भांडवल एकच: एका आकाशखंडाला दिलेला वर्षानुवर्षांचा सलग वेळ. ताऱ्यांच्या लहरींतून आत डोकावणाऱ्या या विद्येला निधी देणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.