गोळी न घेताही विषाणू निर्ढावतो

रामनवमीच्या पालख्या मुंबईहून शिर्डीला पायी निघतात. एचआयव्हीचं औषध चालू असलेला एखादा भक्त चारचौघांत डबी कशी काढायची म्हणून ती घरीच ठेवून चालू लागतो. परतल्यावर पुन्हा गोळ्या सुरू. यात त्याच्या घरच्यांचंही नुकसान होऊ शकतं, हे सहसा कुणी सांगत नाही.

‘मी एकही गोळी घेतली नाही, मग औषध लागू न पडण्याचा प्रश्न येतोच कुठे?’ हा सर्वांत पक्का गैरसमज. औषधाला सरावतो तो विषाणू, शरीर नव्हे. स्वतःच्या प्रती काढताना एचआयव्ही सतत चुका करतो आणि त्या दुरुस्त करत नाही. के१०३एन हा बदल घ्या. विषाणूच्या एका एन्झाइममध्ये १०३व्या जागी लायसिनऐवजी अ‍ॅस्पराजिन येतं, तेही जनुकातलं एकच अक्षर बदलून. तेवढ्यावर एफाविरेन्झ आणि नेव्हिरापिन ही दोन्ही औषधं निकामी. खंड पडला की जुन्या एकत्रित गोळीतलं लॅमिव्हुडिन लवकर ओसरायचं, एफाविरेन्झ मात्र रक्तात बरेच दिवस रेंगाळायचं. एकट्या पडलेल्या औषधाला चुकवणाऱ्या प्रती तगायच्या. एका पदयात्रेत हे घडेलच असं नाही, पण खंड वारंवार पडले तर तसाच विषाणू जोडीदाराकडे जाऊ शकतो. तिने औषध पाहिलेलंही नसतं.

काहींनी ते पाहिलेलं असतं, पण लक्षात नसतं. पूर्वी बाळाला लागण होऊ नये म्हणून प्रसूतीच्या वेळी आईला नेव्हिरापिनचा एकच डोस देत. त्या एका गोळीनेही के१०३एन उरू शकतो.

‘तपासणीत बदल दिसला नाही, म्हणजे तो नाहीच’ हेही खरं नाही. लॅमिव्हुडिनला चुकवणारा एम१८४व्ही हा बदल विषाणूलाच जड जातो, त्यामुळे औषध नसताना तो मागे पडतो. नेहमीच्या जनुकीय चाचणीत विषाणूंपैकी साधारण २० टक्क्यांहून कमी प्रमाणातले बदल निसटतात.

मग उपचार लांबवावेत, औषधं ‘राखून’ ठेवावीत का? मुळीच नाही. भारतात २०१७ पासून निदान होताच, सीडीफोर पेशींची संख्या कितीही असो, औषध सुरू करण्याचं धोरण आहे. सरकारी एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रांवर ते १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळतं. आता पहिल्या गोळीत डोल्युटेग्राविर असतं. ते विषाणूच्या वेगळ्याच एन्झाइमवर घाव घालतं, त्यामुळे के१०३एन त्याच्या आड येत नाही. उदी श्रद्धेने लावावी, पण गोळी चुकवू नये.

औषध सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासतात. तो मिलीलिटरमागे १००० प्रतींच्या वर आला, तर समुपदेशक आधी गोळ्या किती चुकल्या हे विचारतात.