देवाच्या गोष्टीला तिकीट लावावं का?



गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातली गोष्ट. आमची शाळा मुळशीतली, पट लहान. व्हरांड्यावर पत्रे टाकायचे होते, म्हणून आम्ही ठरवलं की मुलांच्या ‘सीता स्वयंवरा’ला दहा रुपयांचं तिकीट लावायचं. तिकिटं मुलांनीच रंगीत कागदाची कापली. आदल्या संध्याकाळी एका मुलाचे आजोबा आले. गळ्यात माळ, सप्ताहात वर्षानुवर्षं टाळ धरणारे. म्हणाले, “बाई, नाटक करा, चांगलंय. पण रामाच्या गोष्टीला तिकीट? आमच्यात कीर्तनाला कुणी तिकीट काढतं का?”

मला उत्तर देता आलं नाही. जिथे कीर्तन करायचं तिथलं अन्नसुद्धा घेऊ नये, असा वारकऱ्यांचा जुना दंडक आहे. आजोबा त्या शिस्तीतून बोलत होते. नंतर वाचत गेले, तेव्हा कळलं की हा प्रश्न आमच्या गावापुरता नाही. मराठी नाटकाचा जन्मच या प्रश्नाच्या उंबऱ्यावर झाला आहे, आणि तिकडे लंडनमध्येही लोक याच प्रश्नावर भांडले होते.

आधी आपलं घर. 1842 मध्ये कर्नाटकातल्या कारकी गावाकडची एक भागवत मंडळी सांगलीत आली. त्यांचे खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णू अमृत भावे या तरुणाला सांगितलं, असं काही मराठीत कर, पण जरा नीटनेटकं. 5 नोव्हेंबर 1843 रोजी ‘सीता स्वयंवर’ झालं. आपण तो दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो. शाळेत फळ्यावर तारीख लिहितो आणि पुढे जातो. खरं तर थांबायचं तिथेच असतं, कारण ते ‘नाटक’ आजच्यासारखं नव्हतंच.

त्यात गाणारा एकच, सूत्रधार. तो बाजूला उभा राहून पदं म्हणायचा, मागे साथीदार झील धरायचे. कथा पुढे जायची ती त्याच्या गाण्यातून. पात्रं यायची, पद संपलं की त्याच प्रसंगावर आपल्या मनाने, तिथल्या तिथे बोलायची. लिहिलेले संवाद नाहीत! आधी गणपती, मग सरस्वती, मध्ये विदूषकाची धमाल. राक्षस आला की राळेचा भपका आणि ‘अललडुर्र’ अशी आरोळी. पुढच्या पिढीने या खेळांना ‘अललडुर्र नाटकं’ म्हणून हसून घेतलं. मला विचाराल तर हसण्यासारखं त्यात फारसं काही नाही. हरदासाचं कीर्तन आठवा: पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, मागे झीलकरी. कीर्तनकार एकटाच राम होतो, रावण होतो, मंथरासुद्धा होतो. भाव्यांनी त्यातला गाणारा तसाच ठेवला आणि राम-रावणाला वेगवेगळे कपडे घालून शेजारी उभं केलं.

आता तिकिटाकडे येते. आप्पासाहेब होते तोवर खर्च दरबाराचा होता. 1851 मध्ये ते गेले आणि आश्रय तुटला. कपडे, दागिने, माणसांचा मुक्काम, जेवणं, हे सगळं कोण देणार? मंडळी फिरतीवर निघाली. 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात खेळ झाले. हे थिएटर 1846 मध्ये सुरू झालेलं, इंग्रजी नाटकांसाठी बांधलेलं, पडदे आणि खुर्च्या असलेलं. देवळाच्या सभामंडपात आणि वाड्याच्या चौकात ऐकलेली रामकथा माणसं आता पैसे मोजून, रांगेने बसून पाहू लागली. आजोबांचा प्रश्न तेव्हाही कुणाच्या तरी मनात आला असणारच.

याच सुमाराच्या थोडं आधीचं लंडन पाहू. त्यांच्याकडे ‘ओरॅटोरिओ’ नावाचा प्रकार होता. बायबलमधली गोष्ट, पण अभिनय नाही, वेश नाही, पडदे नाहीत. गायक आपल्या जागी उभे राहून गातात, मागे मोठा वाद्यवृंद आणि कोरस. कथा सांगणारं, बोलल्यासारखं गाणं वेगळं आणि भावना फुलवणारं पद वेगळं. आपल्याला हे समजायला अजिबात जड नाही: निरूपण, पद आणि झीलकरी!

अभिनय का नाही, याची गोष्ट गमतीची आहे. 1732 मध्ये हँडल या संगीतकाराचं ‘एस्तर’ थिएटरात करायचं ठरलं. राजाच्या प्रार्थनामंदिरातली गाणारी मुलं रंगमंचावर अभिनय करणार, हे लंडनच्या बिशपांना पटलं नाही. मग गायचं, पण नाट्य करायचं नाही, अशी तोड निघाली. पुढे 1743 मध्ये हँडलचं ‘मसाया’ लंडनच्या कॉव्हेंट गार्डन थिएटरात झालं, तेव्हा नाटकाच्या जागेत देवाचे शब्द गावेत का, यावर वर्तमानपत्रात वाद झाला. त्याच रचनेचा पहिला प्रयोग आदल्या वर्षी, 13 एप्रिल 1742 रोजी डब्लिनमध्ये झाला होता. त्याची मिळकत कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांची सुटका आणि दोन रुग्णालयं यांच्यासाठी होती. गर्दी मावावी म्हणून बायकांनी घेरदार सांगाड्याचे झगे आणि पुरुषांनी तलवारी घालून येऊ नये, अशी विनंतीही केली होती. त्या प्रयोगाचं तिकीट कुणाला खटकलं असेल असं मला वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र हे प्रकरण पूर्ण धंद्याचं झालं. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात बुधवारी आणि शुक्रवारी लंडनच्या थिएटरांत नाटक करता येत नसे. थिएटर रिकामं ठेवून मालकाला परवडणार कसं? म्हणून त्या रात्री ओरॅटोरिओ. 1800 मध्ये हायडनचं ‘क्रिएशन’ लंडनकरांनी पहिल्यांदा ऐकलं ते कॉव्हेंट गार्डनच्या अशाच हंगामात. हळूहळू अख्खी रचना गाण्याऐवजी तुकडे आले: ‘मसाया’मधलं थोडं, मध्येच लोकप्रिय गायकाचं देशभक्तीचं गाणं. 1815 मध्ये ड्रुरी लेनला जॉर्ज स्मार्ट यांनी याच कार्यक्रमांत बेटहोवनचं लढाईचं संगीत वाजवलं, तोफा-बंदुकांच्या आवाजांसकट! नाव ओरॅटोरिओचं, उपवासाचे दिवस आणि रंगमंचावर तोफा. आपल्याकडे राळेचा भपका होताच की.

फरक एकच लक्षात घ्या. तिथे देवाची गोष्ट थिएटरात येताना अभिनय बाहेर ठेवावा लागला. आपल्याकडे ती आली ती वेश, दागिने, मुखवटे घेऊनच. आणि गाणं पात्रांच्या तोंडी पूर्णपणे यायला 31 ऑक्टोबर 1880 उजाडावं लागलं, जेव्हा पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ झालं. त्यातल्या साकी आणि दिंड्या मात्र कीर्तनातल्याच.

वर्गात हे करून बघाच. चौथीच्या मुलांना गोष्ट द्या, संवाद देऊ नका. एका गाणाऱ्या मुलीला सूत्रधार करा, चार झीलकरी द्या. ती दोन ओळी गाईल आणि मग पात्रांनी स्वतःचं बोलायचं. पाठांतराला घाबरणारी मुलं इथे फुलतात, हा माझा अनुभव. आमचा एक जनक, जो एरवी हजेरीलाही कुजबुजतो, धनुष्य उचललं जाईना तेव्हा म्हणाला, “अरे, कुणीतरी ट्रॅक्टर आणा रे!” (तो संवाद आम्ही काढला नाही.)

आणि आमच्या तिकिटांचं काय झालं? आजोबा गेल्यावर रात्री मी मुख्याध्यापकांना फोन केला. तिकिटं रद्द झाली आणि दाराशी पत्र्याचा डबा ठेवला. पैसे ठरवल्यापेक्षा कमी जमले, निम्म्याच व्हरांड्यावर पत्रे पडले. आजोबा पहिल्या रांगेत टाळ घेऊन बसले होते, सूत्रधाराच्या प्रत्येक पदाला त्यांनी न सांगता साथ दिली. जाताना डब्यात पन्नासची नोट टाकली आणि म्हणाले, “हे तिकीट नाही हां, बाई.”

यंदा उरलेल्या निम्म्या पत्र्यांचा प्रश्न परत आलाय. पालकसभा पुढच्या शनिवारी आहे.