विश्लेषण : टीसीएसला २८ कोटी डॉलरचा भुर्दंड कशामुळे? व्यापार गुपितांबाबत कायदा काय सांगतो?

कंपनीचे गुपित फोडले म्हणून खटला होतो, तेव्हा चोरी सिद्ध करण्याइतकाच कठीण प्रश्न असतो तो नुकसानभरपाईचा. अमेरिकेतील ‘एपिक सिस्टिम्स विरुद्ध टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस’ (टीसीएस) या खटल्यात तो नऊ वर्षे गाजला.

प्रकरण काय होते?

विस्कॉन्सिनमधील एपिक ही कंपनी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कैसर पर्मनेन्टे हा तिचा मोठा ग्राहक. या सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठी कैसरने २०११ मध्ये टीसीएसची मदत घेतली. मात्र ‘मेड मंत्रा’ हे टीसीएसचे स्वतःचे रुग्णालय सॉफ्टवेअरही होते. म्हणजे एपिकच्या ग्राहकाकडे काम करणारी कंपनी एपिकची स्पर्धकही होती. एका कर्मचाऱ्याने आपण कैसरचे कर्मचारी असल्याचे भासवून एपिकच्या पोर्टलवर प्रवेश मिळवला आणि लॉगिन सहकाऱ्यांनाही दिले. हजारो फाइल डाऊनलोड झाल्या. त्यातून ‘मेड मंत्रा’ आणि एपिकच्या सॉफ्टवेअरची तुलना करणारा तक्ता तयार झाला. टीसीएसमधीलच एका कर्मचाऱ्याने हे उघड केले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये एपिक न्यायालयात गेली.

भरपाई कशी ठरली?

एप्रिल २०१६ मध्ये ज्यूरीने ९४ कोटी डॉलर मंजूर केले : २४ कोटी भरपाई आणि ७० कोटी दंडात्मक. माहितीचा लाभ उठवल्याचा दावा टीसीएसने कायम फेटाळला. न्यायाधीशांनी ही रक्कम ४२ कोटींवर आणली. ‘मेड मंत्रा’मध्ये एपिकची माहिती वापरल्याचा पुरावा नव्हता, त्यामुळे त्यापोटीचे १० कोटी वगळले गेले. तुलनात्मक तक्त्यासाठीचे १४ कोटी मात्र टिकले. एपिकचा एकही ग्राहक गेला नव्हता. तरीही जी माहिती मिळवायला संशोधन-विकासावर मोठा खर्च झाला असता, ती टीसीएसला आयती मिळाली, हा वाचलेला खर्च म्हणजेच लाभ, असे न्यायालयाने मानले. अपील न्यायालयाने २०२० मध्ये दंडात्मक भरपाई मूळ भरपाईइतकी, म्हणजे १४ कोटींपर्यंतच असावी, असे सांगितले. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने टीसीएसची याचिका ऐकण्यास नकार दिला आणि २८ कोटी डॉलरची रक्कम कायम झाली.

भारतात कायदा आहे का?

स्वतंत्र कायदा नाही. करारभंग, विश्वासभंग, कॉपीराइट आणि माहिती तंत्रज्ञान कायदा यांच्या आधारेच दाद मागावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ‘झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल’ प्रकरणात विश्वासाने सांगितलेल्या मालिकेच्या कल्पनेलाही संरक्षण दिले होते. विधि आयोगाने मार्च २०२४ मधील २८९व्या अहवालात स्वतंत्र कायद्याची शिफारस करून विधेयकाचा मसुदाही दिला. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना त्यात अपवाद सुचवला आहे.

नोकरी सोडणाऱ्याचे काय?

कंपनी सोडल्यावर स्पर्धकाकडे जाऊ नये, ही करारातील अट भारतात सहसा टिकत नाही. करार कायदा, १८७२ चे कलम २७ व्यवसायावर बंधन घालणारा करार रद्दबातल ठरवते. अंगी मुरलेले कौशल्य कर्मचाऱ्याचेच असते. पण ग्राहकांची गोपनीय यादी, दरपत्रक वा सोर्स कोड पेन ड्राइव्हवर किंवा खासगी ईमेलवर घेऊन जाणे वेगळे. तिथे न्यायालय मनाई हुकूम देऊ शकते.

कंपन्यांनी काय ध्यानात घ्यावे?

माहिती गुप्त होती आणि ती जपण्यासाठी उपाय केले होते, हे दाखवावे लागते. सगळ्यांना खुल्या असलेल्या फोल्डरमधील फाइलला गुपित म्हणणे कठीण जाते. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या आयटी कंपन्यांसाठी धडा आणखी थेट आहे : ग्राहकाच्या कामासाठी मिळालेली माहिती स्वतःच्या उत्पादनाच्या चमूपर्यंत पोहोचता कामा नये. एपिक प्रकरणात १४ कोटींची मूळ भरपाई उभी राहिली ती एका तुलनात्मक तक्त्यावर.