विकत घेतलेली तबकडी आणि तिचे कुलूप



कामगार चळवळीतल्या माणसाने चित्रपटाच्या तबकडीवर का बोलावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. घामाच्या पैशाने घेतलेली वस्तू कोणत्या अर्थाने आपली होते, हा प्रश्न चळवळीला नवा नाही. ब्लू-रे नावाची तबकडी घरच्या संगणकात घातली की तोच प्रश्न पुढे उभा राहतो. तो कळावा म्हणून आधी तबकडीचे काम पाहू.

तबकडीवर चक्राकार गुंडाळलेल्या रेषेत अतिसूक्ष्म खळगे असतात आणि लेसरचा किरण ते वाचतो. गाण्यांच्या सीडीसाठी ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण लागे, डीव्हीडीसाठी ६५०, आणि ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळसर-जांभळा. जाड बोरूने कागदावर दहा ओळी मावतात, तेथे बारीक टाकाने तीस मावतात. तसेच येथे आहे. तबकडी तीच, १२ सेंटीमीटरची; पण एका थरात डीव्हीडीवर ४.७ गीगाबाइट मजकूर मावतो, तर ब्लू-रेवर २५, आणि दोन थरांत ५०.

एवढी जागा कशाला? हिशेब करा. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एका चित्रात वीस लाखांहून अधिक. सेकंदाला अशी २४ चित्रे. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले, तर ५० गीगाबाइटची तबकडी साडेपाच मिनिटांत भरून जाईल. म्हणून चित्र आवळून साठवतात. आधीच्या चित्रातून जे बदलले, तेवढेच मुख्यतः लिहितात. आणि ती घडी उलगडण्याचे काम दर क्षणी संगणकाला करावे लागते.

हा निळा किरण आला कोठून? जपानमधील निचिया कंपनीत शुजी नाकामुरा नावाचे संशोधक नोकरीस होते. १९९३ साली त्यांनी तेजस्वी निळा दिवा सिद्ध केला आणि त्याच वाटेने पुढे लेसरही आला. शोधाच्या हक्काबद्दल त्यांच्या हाती पडले अवघे २०,००० येन. ते न्यायालयात गेले. २००४ साली टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने २,००० कोटी येन द्यावेत असा निकाल दिला. २००५ साली सुमारे ८४ कोटींवर तडजोड झाली. २०१४ साली आकासाकी आणि आमानो यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पगारी माणसाच्या बुद्धीचे मोल कोणी ठरवायचे, हे यावरून ध्यानात यावे.

आता कुलूप. ब्लू-रेवरील चित्रपट एएसीएस नावाच्या सांकेतिक लिपीत बंद असतो. परवाना घेतलेल्या प्रत्येक कार्यक्रमापाशी आपल्या किल्ल्या असतात. एखादी किल्ली फुटली, तर पुढच्या तबकड्या तिला ओळखतच नाहीत. म्हणून जुना कार्यक्रम नव्या तबकडीपुढे अडतो आणि तो अद्ययावत करून घ्यावा लागतो. संगणकापासून पडद्यापर्यंतच्या तारेवरही एचडीसीपी नावाचा दुसरा पहारा आहे. तेव्हा घरी चित्रपट पाहायचा, तर ब्लू-रे वाचणारा ड्राइव्ह, परवान्याचा कार्यक्रम आणि हा पहारा मानणारा पडदा, तिन्ही हवीत. विंडोजबरोबर हा कार्यक्रम येत नाही; तो वेगळा विकत घ्यावा लागतो. व्हीएलसी हा फुकट कार्यक्रम २०१२ पासून ब्लू-रे ओळखतो, पण कुलूपबंद तबकडीसाठी त्यालाही किल्ली लागतेच.

याहून विलक्षण प्रकार पुढचा. २०१६ साली चौपट ठिपक्यांची अल्ट्रा एचडी ब्लू-रे आली. ती संगणकावर रीतसर चालवण्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरातील एसजीएक्स नावाची बंदिस्त कोठडी आवश्यक ठरवली गेली. पुढे इंटेलनेच २०२१ पासूनच्या नव्या डेस्कटॉप प्रोसेसरांतून ती कोठडी काढून टाकली. ज्याने जुने यंत्र टाकून अधिक वेगवान यंत्र घेतले, त्याचीच तबकडी मुकी झाली! यंत्राचे बळ कमी पडले नव्हते. परवानगी संपली होती.

कुलुपाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चित्रपटामागे शेकडो माणसांची मेहनत असते, आणि चोरटी नक्कल त्यांच्याही पोटावर पाय देते. आपल्या कायद्यात २०१२ साली घातलेले कलम ६५अ याच कारणासाठी आहे. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. मात्र कायद्याने स्पष्टपणे मना न केलेल्या कामासाठी केलेली कृती त्याच कलमाने वगळली आहे. हेतू पाहण्याचा हा विवेक मला मोलाचा वाटतो.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. ड्राइव्ह घेण्यापूर्वी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा : कार्यक्रम सोबत आहे काय, आपला पडदा चालेल काय, आणि तबकडीवरचा विभाग कोणता. ब्लू-रेच्या वाटणीत भारत 'सी' विभागात येतो. केवळ 'ए'साठी बांधलेली तबकडी येथल्या यंत्रात अडू शकते. आणि ग्राहक म्हणून एकजुटीने मागणी करा की, ही तबकडी कोणत्या यंत्रावर चालेल आणि ती परवानगी किती काळ टिकेल, हे वेष्टनावर ठळक छापलेच पाहिजे. मजुरीचे दाम मोजून देताना मालकाने अटी लपवू नयेत, असे आपण म्हणत आलो. माल विकतानाही त्याला तोच नियम लागू आहे.